कण्यांच्या रांगेत सालोमीबाई

पांढुर्ण्याच्या तहसील कार्यालयात एका बाबूने सालोमीबाईंना जात विचारली, तेव्हा मी त्यांच्या शेजारी उभी होते. म्हाताऱ्यांसाठीच्या कुठल्याशा योजनेचा फॉर्म होता. बाबूचं बोट रकान्यावर होतं आणि नजर मोबाइलवर. बाईंनी चष्मा नाकावर नीट बसवला आणि म्हणाल्या, "दुष्काळ लिव."

बाबूने मान वर केली. "मॅडम, ये नहीं चलेगा. जाति बताओ."

"थेच सांगून राहिली बापा. माही आजी दुष्काळात सापडली. चार-पाच वर्साची पोर. तिले सोताचं नाव येत नव्हतं, जात कुठून येईन? लिव नं दुष्काळ."

मागे रांगेत उभे असलेले लोक हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी विनोद केलाच नव्हता. रकाना कोरा राहिला आणि महिनाभराने फॉर्म 'अपूर्ण' असा शेरा घेऊन परत आला. बाईंनी तो डाळीच्या डब्याखाली अंथरला. पुन्हा भरू या, मी म्हटलं. त्या म्हणाल्या, थकली मी.

हे 'थकली मी' त्यांचं नेहमीचं होतं. पण ते ऐकून त्या आता आडव्या होतील असं समजणारा माणूस त्यांना ओळखत नसे. लोक काम झाल्यावर थकतात. बाई आधी थकून घेत. वर्गात फळा पुसण्याआधी, विहिरीत बादली सोडण्याआधी, चर्चचा मोठा दरवाजा ढकलण्याआधी त्या एक सुस्कारा टाकून म्हणत, "थकली मी", आणि मग ते काम शेवटपर्यंत करत. आमच्या वस्तीतल्या बाया म्हणायच्या, बाई थकल्या म्हणजे काहीतरी होणार.

मागच्या उन्हाळ्यात बाई गेल्या. मी नोकरीसाठी नागपुरात राहते, मला दोन दिवसांनी कळलं.

पांढुर्ण्याच्या कडेला, जाम नदीच्या अंगाला, मिशनचा कंपाउंड आहे. भिंतीच्या अलीकडे आमची वस्ती, पलीकडे चर्च, बंगला, दवाखान्याची एक खोली, बंद पडलेली शाळा आणि बोर्डिंगचं जुनं सैपाकघर. सालोमीबाईंनी त्या शाळेत तीसेक वर्षं पहिली ते चौथी शिकवली. वस्तीतली आम्ही सगळी बौद्धांची पोरं तिथंच शिकलो. माझे बाबा दर दसऱ्याला नागपूरहून पिशवीभर पुस्तिका आणायचे, पातळ कागदाच्या, पिन मारलेल्या. मी वाचायला शिकले ते त्या पुस्तिकांवर आणि बाईंकडे. पुस्तिकांनी मला विचारायला शिकवलं की कोणी कोणावर काय लादलं. बाईंनी शिकवलं की भिंतीचा गिलावा कुठे पडलाय ते आधी पाहा.

भिंतीजवळून जाताना त्या तळहात सपाट टेकवत. पोराच्या कपाळावर ताप पाहावा तसा. चर्चची भिंत, शाळेची भिंत, सैपाकघराची. क्षणभर थांबत, मग पुढे जात. एकदा मी विचारलं, काय पाहता? म्हणाल्या, "ओल."

शाळेत त्या हजेरी घेत नसत. रजिस्टर भरलेलं असे, पण नावं पुकारलेली आम्ही कधी ऐकली नाहीत. वर्गावर एकदा नजर फिरवून त्या खुणा करत. एका वर्षी तपासणीला आलेल्या साहेबांनी याबद्दल खडसावलं, तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितलं की जी आहेत ती मला दिसतात, नावं घ्यायची ती न आलेल्यांची. आणि त्या खरंच घ्यायच्या, घरोघरी जाऊन. चौथीतल्या एका पोरीला कापूस वेचायला मोहगावला मामाकडे पाठवलं होतं. बाई रविवारची उपासना संपवून बसने मोहगावला गेल्या. मामाच्या ओसरीवर संध्याकाळपर्यंत बसून राहिल्या. भांडल्या नाहीत, समजावलंही नाही. चहा दोनदा घेतला आणि दर वेळी एवढंच म्हणाल्या की हजेरी अधुरी राहिली. शेवटी मामा वैतागला आणि पोरगी परत आली. आठ दिवस शाळेत बसली, नवव्या दिवशी पुन्हा गेली. मला राग आला होता. बाई म्हणाल्या, आठ दिवस तर शिकली नं.

त्यांनी लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर बोर्डिंगच्या सैपाकघरात राहायला आल्या. नागपूरचा भाचा दर दिवाळीला न्यायला यायचा आणि संत्र्यांची पिशवी घेऊन एकटाच परत जायचा.

चर्चचा इतिहास विचारायला कोणी आलं की पाळकसाहेब त्याला बाईंकडे पाठवत. पाळकसाहेब छिंदवाड्याच्या पलीकडचे, हिंदी बोलणारे, वयाने तरुण, स्वभावाने भित्रे पण भले. चर्चच्या दारावर एक पाटी आहे. तिच्यावर पहिल्या साहेबाचं नाव आणि 'यांनी हे मंदिर उभारिले' असं कोरलेलं आहे. बाई पाहुण्याला त्या पाटीसमोर थांबवतच नसत. सरळ सैपाकघराकडे नेत. "आधी हे," त्या म्हणत. "आधी चूल. चर्च मंग."

त्यांनी सांगितलेला इतिहास असा. साहेब आणि मेमसाहेब छकड्यातून आले ते चर्चचा नकाशा घेऊनच. पाया आखला, आणि त्याच वर्षी मोठा दुष्काळ पडला. सौंसर, रामाकोना, वरचे डोंगर, कुठून कुठून पोरं आली. काहींना आणून सोडलं, काही चालत आली, काहींचे आईबाप वाटेत संपले. नकाशा गुंडाळून ठेवला आणि पहिल्यांदा सैपाकघर बांधलं. एक गवंडी, आणि ज्यांना चालता येत होतं ती पोरं. पोरांनी जामच्या पात्रातून एकेक गोटा आणला. म्हणून त्या सैपाकघराच्या भिंतीत एकही मोठा दगड नव्हता. गिलावा पडलेल्या जागी दिसायचं, नारळाएवढे, संत्र्याएवढे, गुळगुळीत गोटे चुन्यात बसवलेले. "पोराच्या डोक्यावर पोराएवढाच दगड येते," बाई म्हणायच्या. चर्चच्या भिंतीही कमरेएवढ्या उंचीपर्यंत आतून अशाच आहेत. त्यावर मोठे काळे घडीव दगड लागले ते पाऊस झाल्यावर, बाहेरचे गवंडी आले तेव्हा. डावीकडच्या खिडक्या कमानीच्या आणि उजवीकडच्या चौकोनी, कारण अर्ध्यात एक गवंडी मेला आणि दुसऱ्याला कमान येत नव्हती. मनोरा कमरेएवढा बांधून सोडून दिला. त्यावर आता लोक बसतात आणि त्याला ओटा म्हणतात. घंटा बाहेर लोखंडी आडव्याला टांगलेली आहे, ती तेव्हापासून तात्पुरती.

मी पुस्तिकांवर वाढलेली. मी विचारलं, म्हणजे उपाशी पोरांकडून दगड वाहवले? आधी दगड, मग कण्या?

"कण्या आधी," बाई म्हणाल्या.

कशावरून?

"आजी सांगे."

एवढाच पुरावा होता. मी गप्प बसले नाही. पोटभर खायला दिलं तरी पोरांचीच मजुरी ना, म्हटलं. बाईंनी मला खोडलं नाही. म्हणाल्या, "होती. पोरांनीच बांधलं. अन् जेवलीबी थेच. दोन्ही लिव."

चर्चच्या कपाटात बाप्तिस्म्याची जुनी वही आहे. त्यांनी ती मला एकदा उघडून दाखवली. तपकिरी शाई, वळणदार बाळबोध अक्षर. पहिल्या रकान्यात मुलाचं मूळ नाव, दुसऱ्यात दिलेलं नाव. पहिल्या रकान्यात ओळीमागून ओळ एकच वाक्य होतं: नाव सांगता येत नाही. नाव सांगता येत नाही. नाव सांगता येत नाही. कारकुनाने कुठेही खुणा करून काम भागवलं नव्हतं, दर वेळी चारही शब्द पूर्ण लिहिले होते. दुसऱ्या रकान्यात रूथ, याकोब, तबिथा, मार्था. एका ओळीसमोर सालोमी. ती बाईंची आजी. तिचंच नाव नातीला ठेवलं.

वहीवरून बाईंचा तळहात सपाट फिरला. ओल पाहिली असावी.

आणि या वहीमुळेच मिशनमध्ये कण्यांचा रविवार होता. दुसऱ्या कुठल्या चर्चमध्ये असा दिवस पाळतात की नाही, मला माहीत नाही. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी, नवी ज्वारी घरात आली की, बोर्डिंगच्या सैपाकघरात मोठ्या गंजात ज्वारीच्या पातळ कण्या शिजायच्या. मिठाशिवाय काही नाही. उपासनेआधी सगळ्यांनी ताटली घेऊन रांगेत उभं राहायचं, एक पळी कण्या घ्यायच्या, उभ्यानेच खायच्या आणि मग चर्चमध्ये जायचं. वाढायला नेहमी बाई. नियम एकच होता. रांगेत कोणी कोणाचं नाव घ्यायचं नाही आणि विचारायचं नाही. नवरा बायकोला हाक मारत नसे, आई पोराला. दुष्काळात पोरांना आधी वाढलं होतं, नावं नंतर दिली होती. तेवढा अर्धा तास सगळी मंडळी पुन्हा बिननावाची व्हायची. भिंतीपलीकडून आम्हीही जायचो. आम्ही त्या देवाला मानत नव्हतो, उपासनेला थांबत नव्हतो. पण कण्या खायला वस्तीतली माणसं दर वर्षी जायची आणि आमचं काय काम म्हणून कधी कोणी विचारलं नाही. विचारताच येत नव्हतं.

हा नियम बाईंनी एका रविवारपुरता ठेवला नव्हता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जामच्या पात्रात गोटमारीची जत्रा होते. या काठाला पांढुर्णा, त्या काठाला सावरगाव, आणि मध्ये दगडांचा पाऊस. आता जागोजागी सरकारी डॉक्टर आणि ॲम्ब्युलन्स असतात. पूर्वी डोकं फुटलेली माणसं मिशनच्या दवाखान्यात यायची, आणि दवाखाना बंद पडल्यावर सवयीने सैपाकघराच्या दारात. बाई गरम पाणी आणि जुनी धुतलेली लुगडी घेऊन बसत. एकदा सावरगावचा एक जण आणि पांढुर्ण्याचा एक जण शेजारी शेजारी बसले होते, दोघांच्या डोक्यातून रक्त. पांढुर्ण्याच्याने बाईंना विचारलं, हा कुठला? बाई म्हणाल्या, मी इचारलं नाही. तो म्हणाला, मग मी विचारतो. बाईंनी त्याच्या डोक्यावरची पट्टी सोडली आणि नव्याने, जरा जास्तच आवळून बांधली. दुसरा हसला, तर त्याचीही सोडून बांधली.

पांढुर्णा जिल्हा झाला आणि रस्त्याकडेच्या जागेकडे लोकांचं लक्ष गेलं. चर्चच्या पंच कमिटीने ठरवलं की सैपाकघर पाडून तिथे हॉल बांधायचा. लग्नं होतील, सभा होतील. कमिटीचे सेक्रेटरी विनयभाऊ, संत्र्याच्या पेट्यांचा धंदा करणारे. तेही बाईंच्या हाताखाली शिकलेले. मी त्यांना खलनायक करायला खूप उत्सुक होते. पण ते काही खोटं बोलत नव्हते. छपराचे कवेलू फुटले होते, पावसात चूल विझायची, आणि एखाद्या पावसाळ्यात भिंत बाईंच्या अंगावर येईल अशी त्यांना खरीच भीती होती. बाईंसाठी बंगल्यामागे फरशीची खोली तयार केली होती. हॉलच्या उद्घाटनाला एक स्मरणिका निघणार होती. इतिहास बाई सांगणार, लिहून मी काढणार.

बाईंची अट एकच होती. स्मरणिकेत पहिलं पान सैपाकघराचं, आणि कण्यांचा रविवार हॉलमध्येही होता तसाच चालू राहील असं कमिटीने लिहून द्यावं. घर गेलं तर जाऊ द्या, त्या म्हणाल्या, रांग राहिली पाहिजे. विनयभाऊंनी मान डोलावली. लिहून दिलं नाही.

मला घाई झाली होती. स्मरणिकेची वाट पाहायला मी तयार नव्हते. मी चार पानी पत्रक लिहिलं, नागपुरात छापलं आणि पांढुर्ण्यात, सौंसरला वाटलं. मथळा होता, 'आमची जात दुष्काळ'. त्यात पोरांचे गोटे होते, वही होती, साहेबाच्या नावाची पाटी होती, कण्या होत्या. शेवटी मी लिहिलं होतं की भुकेल्या पोरांच्या हातांनी उभं राहिलेलं घर आज पोट भरलेले लोक पाडत आहेत. ते वाक्य मला फार आवडलं होतं. मी ते बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं.

पत्रक वस्तीत वाचलं गेलं, कंपाउंडमध्ये वाचलं गेलं, आणि मी ज्यांच्यासाठी लिहिलं नव्हतं त्यांनी ते सगळ्यात नीट वाचलं. गावातल्या काही तरुणांनी त्यातल्या ओळी अधोरेखित करून पोलिसांत अर्ज दिला. त्यात लिहिलं होतं: यांचेच लोक लिहितात की अन्न देऊन धर्म बदलला. आणि अजूनही दर वर्षी बाहेरच्यांना बोलावून फुकट जेवण देतात. सोबत पुरावा म्हणून माझं पत्रक. हवालदार चौकशीला आला. त्याने बाईंच्या चुलीशेजारी बसून चहा घेतला, ताटल्या किती, लोक किती, कोण कोण येतं, लिहून घेतलं. कोण कोण येतं याचं उत्तर बाईंना देता आलं नाही. त्यांनी खरंच कधी विचारलं नव्हतं. हवालदाराला ते पटलं नाही. कागदावर ते फार वाईट दिसलं.

कमिटी घाबरली. तिने काय करायला हवं होतं ते मी तेव्हा तावातावाने सांगत होते, आज सांगणार नाही. कंपाउंडमध्ये चाळीस घरं आहेत. त्यांना तिथंच राहायचं होतं. मी नागपूरची बस पकडू शकत होते.

मी बाईंकडे गेले तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. मी माफी मागायला गेले होते आणि वाद घालायलाही. मी तोंड उघडण्याआधी बाई म्हणाल्या, "खरं लिवलं तू. एक शब्द खोटा नाही. फक्त कोण वाचन, याचा इचार नाही केला."

रागाने म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी सुपातला एक खडा उचलून बाजूला ठेवला आणि निवडत राहिल्या.

दिवाळीनंतर सैपाकघर पाडलं. विनयभाऊंनी बाईंसाठी खुर्ची आणून ठेवली होती. बाई म्हणाल्या, थकली मी, आणि पूर्ण वेळ उभ्या राहिल्या. जेसीबीचा पंजा भिंतीला लागला तेव्हा भिंत कोसळली नाही, उसवली. ज्वारीचं पोतं फाटावं तसे गोटे धडाधड बाहेर आले आणि अंगणभर घरंगळले. त्यांचा ढीग एवढा झाला की ड्रायव्हरने मशीन थांबवून पाहिलं. बाईंनी गोटा उचलून जवळ घेतला असेल असं वाचणाऱ्याला वाटेल. घेतला नाही. दुपारी विनयभाऊंच्या माणसांनी ते सगळे हॉलच्या पायात भर म्हणून ओतले. मी चिडून काहीतरी बोलले. बाई म्हणाल्या, पायातच गेले नं. नदीत तर नाही गेले.

जानेवारी आला. कमिटीने कण्यांचा रविवार बंद केला नाही, याचं श्रेय मी विनयभाऊंना देते. त्यांनी मधला रस्ता काढला. कण्या फक्त मंडळीच्या सभासदांना. टेबलावर यादी, समोर नाव, मोबाइल नंबर, सही. म्हणजे पुन्हा चौकशी आली तर कागद दाखवता येईल. वाढायला तरुण संघाच्या दोन मुली. पाळकसाहेब बाईंना सांगायला गेले. अर्धा तास हिंदीत समजावत राहिले की ही सगळ्यांच्या सुरक्षिततेची गोष्ट आहे, एक-दोन वर्षं निघून जाऊ द्या. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "वही पाह्यली का तुम्ही?" पाळकसाहेबांनी पाहिली नव्हती.

त्या रविवारी मी वस्तीतल्या लोकांबरोबर फाटकाबाहेर उभी होते. आम्ही अकरा जण होतो. कोणी ताटली आणली नव्हती, आत जायचं नाही हे माहीतच होतं. माझी आई म्हणाली, कण्या काय घरीबी शिजवता येतात, बाई दिसतीन म्हणून आली. फाटकाच्या आत कडुनिंबाखाली एक पोलीस शिपाई खुर्ची टाकून बसला होता. हॉलचे कॉलम डोक्याएवढे वर आले होते, त्यातून सळया निघालेल्या. त्यांना बांधून मंडप घातला होता, मंडपाच्या तोंडाशी टेबल, टेबलामागे विनयभाऊ आणि त्यांच्यासमोर यादी. रांग शांत होती. एकेक जण नाव सांगत होता, नंबर सांगत होता, सही करत होता. हे सगळे एकमेकांना जन्मापासून ओळखणारे लोक होते.

बाई रांगेत होत्या. त्यांना रांगेत उभं मी पहिल्यांदाच पाहत होते, दर वर्षी त्या पळीमागे असायच्या. पांढरं लुगडं, पायात कापडी बूट, हातात ताटली. टेबलाशी आल्या तेव्हा विनयभाऊंनी पेन उचललंही नाही. "बाई, तुमचं नाव पयलंच हाये," ते म्हणाले. "तुम्ही कायले रांगेत लागल्या? जा पुढं."

बाई हलल्या नाहीत. "इचार," त्या म्हणाल्या.

"काय इचारू?"

"सगळ्याईले इचारून राहिला नं. मले इचार."

मागे रांग थांबली. विनयभाऊंनी इकडेतिकडे पाहिलं. शिपाईही बघत होता. शेवटी त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, नाव?

बाई शाळेतल्यासारख्या स्पष्ट बोलल्या. फाटकापर्यंत ऐकू आलं. "नाव सांगता येत नाही."

विनयभाऊंना ते वाक्य माहीत होतं. कंपाउंडमधल्या प्रत्येकाला माहीत आहे, प्रत्येकाच्या घरातली एक तरी आजी-पणजी त्या रकान्यात आहे. त्यांनी यादीत काही लिहिलं नाही. मग नुसतं म्हणाले, चला पुढं. पळी घेतलेल्या मुलीने ताटलीत कण्या वाढल्या. आता मागचेही तसंच म्हणतील असं मला वाटलं. मागे शांतवनकाका होते, बाईंच्याच वयाचे. त्यांनी नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं, मोबाइल नंबर दोनदा सांगितला, कारण पहिल्यांदा चुकला होता, आणि सही केली. त्यांच्या मागच्याने केली. त्याच्याही मागच्याने.

बाई ताटली सांभाळत फाटकाकडे आल्या. नव्वद-शंभर पावलांचं अंतर, पण मध्ये गिट्टीचा ढीग होता, त्याला वळसा घालून यावं लागायचं. शिपाई खुर्चीतून अर्धवट उठला आणि पुन्हा बसला. बाईंनी गजांमधून ताटली बाहेर दिली. सगळ्यात पुढे माझी आई होती. तिने घेतली, उभ्यानेच खाल्ली, ताटली परत दिली. बाईंनी तिचं नाव घेतलं नाही, माझ्याकडे पाहूनही माझं घेतलं नाही. त्या दिवशी घ्यायचंच नसतं.

मी म्हटलं, बाई, झालं आता, बसा तुम्ही. त्यांनी आमच्यावरून नजर फिरवली, वर्गावरून फिरवायच्या तशी. अकरा. एक सुस्कारा टाकला.

"थकली मी," त्या म्हणाल्या, आणि वळून पुन्हा रांगेच्या शेवटाला जाऊन उभ्या राहिल्या.

दुसऱ्या खेपेला विनयभाऊंनी न विचारताच हात केला, तर बाई थांबून राहिल्या. त्यांनी विचारेपर्यंत हलल्या नाहीत. उत्तर तेच दिलं. तिसऱ्या खेपेला विनयभाऊंनी मान वर न करता विचारलं. चौथ्या खेपेला त्यांनी विचारलं, उत्तर ऐकलं, पेन यादीवर आडवं ठेवलं आणि रांगेतल्या पुढच्या माणसाकडे न बघता चर्चच्या डावीकडच्या कमानीच्या खिडक्यांकडे तोंड केलं. मात्र पुढचा माणूस स्वतःच पेन उचलून सही करून गेला.

घंटा झाली. उपासना सुरू होणार होती. माझ्या बसची वेळ झाली होती आणि आई म्हणत होती, तू जा, मी थांबते. मी पाच पावलं गेले आणि वळून पाहिलं. रांग संपत आली होती. तिच्या शेवटी बाई एकट्या उभ्या होत्या, रिकामी ताटली छातीशी धरून. दुसऱ्या हाताचा तळवा हॉलच्या नव्या कॉलमवर सपाट टेकवलेला होता.